बाईंच्या खिडकीतला दिवा

आमचे धाकटे जावई घरं जोडतात. म्हणजे कुलूप एका कंपनीचं, पडदे दुसरीचे, दिवे तिसरीचे, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही, अशी घरं त्यांच्याकडे येतात आणि हे त्या सगळ्यांना एका मोबाइलखाली गुण्यागोविंदाने नांदायला लावतात. लोक त्यांना जोडारीच म्हणतात. मी म्हणतो, जावईबापू, आमच्या दोन लेकींचं तेवढं जोडून द्या. ते नुसते हसतात.

त्यांची एक रीत होती. काम हाती घेतलं, की प्रत्येक यंत्राचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं आणि त्याची आधीची आठवण पुसून टाकायची. माहेर विसरल्याशिवाय सून रुळत नाही, असं म्हणायचे. असं म्हणाले, की आमची लेक त्या दिवशी न बोलता जेवायला वाढायची.

तर एक निवृत्त शिक्षिका होत्या, एकट्या. त्यांचे मालक दोन वर्षांपूर्वी गेले. हौशी माणूस, एकेक यंत्र आणून त्यांनीच बसवलेलं. बाई एकदा न्हाणीघरात पडल्या आणि दूर राहणाऱ्या लेकीला फोनवरून दाराचं कुलूप काही उघडेना. शेजाऱ्यांनी दार फोडलं. तेव्हा लेकीने हट्टच धरला, सगळं जोडून घे.

जावयांनी सगळं कोरं केलं, जोडलं. लेकीने लांबून कुलूप उघडून दाखवलं. बाई खूश. निघताना म्हणाल्या, संध्याकाळी खिडकीतला दिवा आपोआप लागायचा, तो लागेल ना? कितीला, यांनी विचारलं. सहाच्या सुमारास. यांनी सहा लावले.

आठ दिवसांनी फोन आला. हे गेले, तर बाई खिडकीसमोर खुर्ची टाकून बसलेल्या. सहा वाजले. दिवा लागला.

"बघा," बाई म्हणाल्या, "हा कोणीतरी दुसराच आहे."

जावयांनी विचारलं, दुसरा म्हणजे? मग बाईंनी सांगितलं. मालकांचा दिवा उन्हाळ्यात उशिरा लागायचा, थंडीत लवकर. रोज मिनिटभर पुढेमागे. दोन वर्षं त्या चहाचा कप घेऊन बसायच्या, आज कधी येतात म्हणून. दिवा लागला, की दिवसभरातलं सगळं त्याला सांगून टाकायच्या.

जावई चटकन समजले. मालकांनी दिवा घड्याळाला नाही, मावळतीला बांधला होता. सूर्य बुडायच्या अमुक मिनिटं आधी. मालकांचा फोन केव्हाच मोडीत गेलेला, आणि आकडा फक्त दिव्याच्या आठवणीत उरला होता, तोही यांनी स्वतःच्या बोटाने पुसलेला. तरी त्यांनी मोबाइल काढला.

"किती मिनिटं आधी ठेवू? दहा? वीस?"

बाईंनी मान हलवली.

"मीच आकडा सांगायचा, मीच वाट बघायची. मग येणार कोण?"

कुलूप राहू द्या म्हणाल्या, दिवा मात्र बंद करा. खोलीत पुरता अंधार झाला तरी दोघांपैकी कोणी हाताने दिवा लावायला उठेना.

हल्ली जावई नव्या घरी पहिला दिवस नुसते स्टुलावर बसून काढतात. काय लागतं, काय बंद होतं ते लिहितात आणि प्रत्येकाला विचारतात, हे कोणाचं? लोक म्हणतात, जोडारी आळसावला. मागच्या महिन्यात एका घरी भर दुपारी रिकाम्या खोलीतला पंखा फिरू लागला. हे कोणाचं, यांनी विचारलं. घरातली चारही माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली.

त्या पंख्याचं बटण त्यांनी अजून दाबलेलं नाही.