उदक सोडलेला मळा

"दान देनाऱ्यानं मांगं वयून पाहू नये, असं तुमी म्हनता वकीलसाहेब, मंग पेरनाऱ्यानं वावरात जाऊ नये काय?"

पातूरची मनकर्णाबाई हे एकदाच बोलली, अमरावतीत, उत्तमराव वकिलांच्या ओसरीवर. वकीलसाहेब हसले. ओसरीवर बसलेले अशीलही हसले. कशाला हसतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण वकील हसला की अशिलानं हसायचं असतं.

मनकर्णाबाई माळ्याची. नवरा नत्थुजी मानमोडी तापाच्या साथीत गेला. मूलबाळ नव्हतं, मागं राहिला तो पानमळा आणि विहीर. आता पानमळा म्हणजे नुसतं वावर नव्हे. कुंपणाशी वहाणा काढायच्या, आंघोळ करून आत जायचं, आणि बाईनं महिन्याचे चार दिवस त्या बाजूला सावलीसुद्धा पाडायची नाही. वेल बांधणं, पान खुडणं ही कामं पुरुषांची. नत्थुजी गेल्यावर दीर म्हणाला, मळा बटाईनं दे. हिनं लुगड्याचा काचा मारला, शिडी लावली आणि वेलीच्या आधाराला लावलेल्या शेवरीवर चढून वेली स्वतः बांधल्या. माळीपुरा तोंडात बोट घालून बघत राहिला. नेम मात्र तिनं कधी मोडला नाही. ते चार दिवस ती मळ्याच्या वाटेनंही जात नसे, लांबच्या पांदीनं फेरा घालून बाजार गाठायची. पुढं तिचं पान असं निघू लागलं की अकोल्याचा दलाल आधी तिच्या पानांची कवळी, म्हणजे जुडी, नाकाला लावी आणि मग भाव बोले.

मग मर आली. हिरवीगार वेल एका आठवड्यात पिवळी पडली, बुडाशी काळी होऊन सडली. एक गेली, ओळ गेली, बघता बघता मळा गेला. आणि तिची जाऊ मैनाबाई विहिरीवर चार बायांदेखत म्हणाली, "बाईचा हात लागला, येल मेली." एवढं एक वाक्य. ते गावानं प्रसादासारखं वाटून घेतलं. भगतानं नारळ घेतला, बोकड घेतला, आणि बोट तिच्याकडेच दाखवलं. पुढच्या पावसाळ्यात ज्या मळ्यात पिढ्यान्‌पिढ्या बाईनं पाय ठेवला नव्हता तिथंही मर आली. तेव्हा कुणी बाईचं नाव काढलं नाही. तिथं देवाचा कोप झाला म्हणे. पुरुषाच्या मळ्यावर देव कोपतो आणि बाईच्या मळ्यात बाई नडते, असा त्या गावचा न्याय.

लोकांचं तिनं सोसलं असतं. पण एकटी बसली की तिचं तिलाच वाटे, एखाद्या महिन्यात आपण दिवस मोजायला चुकलो तर नसू? ही शंका तिला आतून पोखरत होती. आणि तिचं उत्तर ना भगताकडे होतं, ना तिच्याकडे.

त्या सुमारास उत्तमराव पातूरला आले. नागपूरला विद्यापीठ निघून थोडी वर्षं झाली होती, आणि वऱ्हाडच्या पोरांसाठी कायमचा विद्यानिधी उभा करायचा असं अमरावतीच्या काही शिकल्यासवरल्या लोकांनी मनावर घेतलं होतं. उत्तमराव मूळचे कास्तकाराचे, लहानपणी कापसाच्या पऱ्हाटीत राबलेले. लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायचं कसब त्यांच्याकडं होतं. मारुतीच्या पारावर उभं राहून त्यांनी सांगितलं, या निधीचं मुद्दल म्हणजे वेल. वेल तोडायची नाही, नुसती पानं खुडायची. खुडलेल्या पानांवर पोरं शिकतील, आणि नुसत्या परीक्षा देणार नाहीत, तर आपल्या मातीत काय बिघडतं याचा शोध घेतील. पुरुषमंडळी बैलांकडं बघत बसली. मागं बायांत बसलेली मनकर्णाबाई उठली आणि तिनं विचारलं, "येलीले मर काहून येते, हे शिकलेला मानूस सांगू शकते काय?"

"सांगू शकते, बाई. त्याच एका कामाले बसवला तं नक्की सांगू शकते."

आठ दिवसांत तिनं विहिरीसकट मळा निधीला दिला. नाल्याकाठचा भाजीचा पट्टा तेवढा पोटाला ठेवला. काही अट असेल तर कागदावर घालू, असं उत्तमरावांनी विचारलं होतं. ती सांगणारही होती. पण जातीतले वडीलधारे भगवंतबुवा म्हणाले, अट घातलेलं दान उष्टं असतं. उदक सोडलं की मागं बघू नये, फळ जातं. फळ! अट तिनं सांगितलीच नाही. तळहातावर तुळशीपत्र ठेवून तिनं तांब्यातलं पाणी सोडलं. उत्तमरावांनी पेन खिशात टाकलं आणि तोंडानं सांगितलं, मुद्दलाला हात लागणार नाही. त्या पाण्याला साऱ्या गावाचे डोळे साक्षी होते, आणि तेवढं पुरे आहे असं तिला वाटलं. चूक म्हणायची तर ही तिची चूक. पाण्याला साक्ष ठेवणाऱ्या माणसांचीच ती चूक होती.

पहिली शिष्यवृत्ती मिळाली गोवर्धनला. पातूरच्या माळीपुऱ्यातलाच पोरगा, नागपुरात विज्ञान शिकलेला, वेलीच्या मरीवर काम करायला नेमलेला. सुटीत तो आला तो थेट मेलेल्या मळ्यावर. तिथं आता नेम पाळायला काही उरलं नव्हतं, तरी त्यानं कुंपणाशी बूट काढले. हे मनकर्णाबाईच्या नजरेतून सुटलं नाही. मुळाशी खणून त्यानं डबे भरले. दुसऱ्या मळ्यांतूनही माती नेली. वर्ष सरता सरता एकदा ओसरीवर भाकरी खाताना तो म्हणाला, "मावशी, खात्रीनं आताच नाई सांगत. पन जे काय हाये ते मातीत अन् साचलेल्या पान्यात हाये. बाईत नाई."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"मंग कोनाले सांगू नको," ती म्हणाली. "कच्चं सांगशीन तं हासतीन. पक्कं होऊ दे. छापून येऊ दे. मंग त्या मैनीसमोर वाचून दाखवजो."

अजून दोन पावसाळे लागतील, असं तो म्हणाला. ते दोन पावसाळे त्याला मिळाले नाहीत. अमरावतीला कुणी मोठा साहेब येणार होता, आणि निधीला स्वतःचं सभागृह नसणं मंडळींना लाजिरवाणं वाटू लागलं होतं. मळा विकला. मुद्दल विटांत गेलं, खांबांत गेलं, दर्शनी भिंतीवरच्या घड्याळात गेलं. वेल बुडापासून तोडून तिचं तोरण केलं आणि साहेबाच्या स्वागताला टांगलं. गोवर्धनची शिष्यवृत्ती "तूर्त" थांबली. त्याची आई विधवा, बहीण लग्नाची. तो अकोल्यात एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस मोजायला उभा राहिला. मातीचे डबे नागपूरला कुठल्याशा फळीवर राहिले.

मनकर्णाबाई अमरावतीला गेली ती तेव्हा. उत्तमरावांनी चहा दिला, हौसेनं सभागृह दाखवलं. संगमरवरी पाटीवर दात्यांची नावं होती. तिला वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनीच बोट ठेवून वाचून दाखवलं, "कैलासवासी नत्थुजी यांच्या पत्नी." मळा तिनं राखला, बोल तिनं खाल्ले, उदक तिनं सोडलं, आणि दगडावर नाव नवऱ्याचं! तेही तिनं गिळलं. तिनं विचारलं फक्त गोवर्धनचं. त्याचं काम अर्धं राहिलं, ते कधी सुरू करता? आणि मुद्दलाला हात लावायचा नव्हता, तो का लावला?

ओसरीवर येऊन बसल्यावर उत्तमराव समजुतीच्या स्वरात म्हणाले, बाई, तुम्ही उदक सोडलं ना? मग आता विचारायचं नसतं, शास्त्र आहे. दिवसभर कोर्टात अटींवर आणि शर्तींवर भांडून पोट भरणारा माणूस तिला शास्त्र सांगत होता. तेव्हा ती ते वाक्य बोलली. आणि ते हसले.

सहा महिन्यांनी त्यांना पुन्हा तिची गरज पडली. सभागृह झालं होतं, निधी रिकामा होता. आता डोळा होता देवाच्या कवळीवर. दर खुडणीला पहिली कवळी देवाच्या नावानं बाजूला काढायची आणि तिच्या पैशातून गावचा भंडारा करायचा, ही सगळ्या पानमळेवाल्यांची रीत. ती कवळी यापुढं निधीला द्यावी, अशी सभा अकोल्यात भरली. पातूर, अकोट, बाळापूरकडचे माळी जमले. त्यांचं एकच म्हणणं होतं, पहिलं उदक मनकर्णाबाईनं सोडावं, मग आम्ही सोडतो. जिचा हात लागून वेल मेली म्हणत होते, तिचाच हात, तिनं मळा दान दिल्यापासून, आता त्यांना शकुनाचा वाटत होता.

उत्तमरावांनी तिला आणायला बैलांची दमणी पाठवली. सभेच्या दाराशी गोवर्धन उभा होता, जिनातून तसाच आलेला. भुवयांवर कापसाची लव बसली होती.

"मावशी, काई बोलू नको," तो खालच्या आवाजात म्हणाला. "कवळी जमली तं माही शिष्यवृत्ती सुरू करतो म्हनतात. दोन पावसायाचं तं काम हाये."

"अन् मुद्दल?"

तिनं त्याच्या खांद्यावरचा कापूस झटकला आणि ती आत गेली. जाताना उंबऱ्याबाहेर वहाणा काढल्या, मळ्यात जाताना काढाव्या तशा.

उत्तमराव छान बोलले. तीच वेल, तीच पानं. मग तिच्याकडं हात करून म्हणाले, दान कसं द्यावं ते या माउलीकडून शिका. हिनं दिलं आणि कधी मागं वळून पाहिलं नाही. टाळ्या पडल्या. तिच्यासमोर भरलेला तांब्या आला, तळहातावर कुणीतरी तुळशीपत्र ठेवलं. पुढच्याच ओळीत मैनाबाई बसली होती, मांडीवर कवळी घेऊन, हिच्या हाताकडं नजर लावून. सगळ्यांची नजर त्याच हाताकडं होती. हे पाणी सांडलं की मागं साऱ्यांचं सांडणार. सांडलं तर गोवर्धनला कदाचित ते दोन पावसाळे मिळतील. मैनीसमोर ते एक वाक्य छापील वाचून दाखवलं जाईल. आणि या बाया देवाच्या कवळ्या देऊन घरी जातील. पुढं कुणी विचारायला गेलीच, तर तिलाही एखाद्या ओसरीवर चहा मिळेल आणि शास्त्र ऐकवलं जाईल.

तिनं गोवर्धनकडं पाहिलं. तो खांबाला टेकून उभा होता. त्यानं नजर चुकवली नाही. किंचित मान हलवली, हो म्हणून की नको म्हणून, ते तिला इतक्या लांबून कळलं नाही.

"बाई, दोन शब्द तरी बोला," उत्तमराव म्हणाले.

मनकर्णाबाईनं तळहातावरचं तुळशीपत्र उचलून तांब्यात टाकलं. तांब्या भरलेला तसाच टेबलावर त्यांच्यापुढं सरकवला, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि ती व्यासपीठावरून उतरून मैनाबाईच्या गुडघ्याजवळून, बायांच्या रांगांमधून चालत दारापर्यंत गेली, वहाणा पायात घातल्या आणि बाहेर पडली.