हम्मादीच्या पोवळ्याचं वय

मन्नूबिया खालाच्या बोटांना ठसे उरलेले नाहीत. ओळखपत्राच्या कचेरीत तिचा अंगठा यंत्र ओळखत नाही, कारकून पुन्हा पुन्हा काच पुसतो, आणि खाला त्याला विचारते, "पायाचा चालेल का?" जन्मभर पोवळं घासल्यावर बोटांवर दुसरं काय राहणार! आमच्या तबार्का बंदरात पोवळ्याला झिलई करणाऱ्या बायका पुष्कळ, पण खालाच्या हातचा मणी कोरडा असूनही ओला वाटतो.

ती काम करायची ते तिच्या दिराच्या, लमीनच्या कारखान्यात. बोटही लमीनचीच. नवरा हम्मादी त्या बोटीवरून बुड्या मारायचा. तरुणपणी त्याने किल्ल्यामागच्या उथळ कपारीवरचं सगळं पोवळं खरवडून आणलं होतं. पंधरा वर्षांनी एक दिवस तो अंगठ्याएवढी जाड, मुळासकट निघालेली फांदी घेऊन वर आला, आणि बोटीवर चढायला पाय उचलेना. घाईने वर आल्यामुळे रक्तात हवेचे बुडबुडे धरले होते. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. फांदी कुठली, असं विचारलं की तो सांगायचा, त्याच उथळ कपारीतली. खुर्चीत बसून, मरेपर्यंत त्याने तेच सांगितलं.

त्यातून दोन गोष्टी झाल्या. कॉफीच्या दुकानात लोक हसू लागले की हम्मादी शिकाऊ पोरं उतरतात त्या पाण्यात लुळा पडला, कसला पाणबुड्या! आणि बोटवाल्यांना पुरावा मिळाला, की खरवडलेली कपार पंधरा वर्षांत पुन्हा अंगठ्याएवढी भरते. ती कपार सरकारने बंद केली तेव्हापासून लमीन दर साहेबासमोर वहिनीच्या कपाटातली फांदी नेऊन ठेवायचा.

यंदा कपार खुली करण्याच्या अर्जावर सुनावणी लागली. लमीनने खालाच्या मुलाच्या, वजदीच्या मापाचा पाणबुडी पोशाखही शिवायला टाकला. खालाने कडाडून विरोध केला. उथळातलं दोन हंगामांत संपेल आणि मग तू पोराला खोल धाडशील, तोही तुझ्या भावासारखा लुळा पडेल, असं तिने त्याला तोंडावर सुनावलं. लमीन हसला. म्हणाला, "संपत नाही गं वहिनी, उगवतं. पुरावा तुझ्याच कपाटात आहे."

दुसऱ्या दिवशी ती फांदी ओढणीत गुंडाळून आमच्या समुद्र संस्थेत आली. पोवळ्याचे काप काढून वय मोजायचं काम माझ्याकडे आहे. आधी मी तिला टाकीतलं जिवंत पोवळं भिंगातून दाखवलं. लाल फांदीवर आठ-आठ हातांचे पांढरे जीव उमलले होते, पाण्यातून काहीबाही पकडून खात होते. समुद्रफुलांचे हे लांबचे भाऊबंद, पण घर दगडाचं बांधून राहतात, असं मी तिला सांगितलं. ती बराच वेळ भिंगाला डोळा लावून होती.

"म्हणजे मी जन्मभर हाडं घासली," ती म्हणाली. मग फांदी माझ्यापुढे सरकवली. "काप."

एकदा कापली की ती पुन्हा जुळणार नाही, हे मी तिला सांगून पाहिलं. वजदीच्या होणाऱ्या बायकोसाठी ठेवली होती ना, असंही विचारलं. ती म्हणाली, "वजदीच राहिला नाही तर बायको कुणाला?"

मुळाजवळ करवत चालवली, काप काचेसारखा पातळ घासला, आम्लात बुडवून निळा रंग दिला. झाडाच्या खोडात दिसतात तशी वर्तुळं दिसली, वर्षाला एक. मी मोजली, माझ्या सोबतिणीने वेगळी मोजली. दोघींचाही आकडा नव्वदीच्या पुढे गेला. फांदी मिळण्याआधी पंधराच वर्षं खरवडलेल्या कपारीत नव्वद वर्षांचं पोवळं असणं शक्यच नव्हतं.

हे मी तिला सांगितलं. ती रडली नाही. खुर्चीवर ताठ बसून तिने विचारलं,

"एवढं जुनं आता खोलातच उरलंय ना?"

"हो, खाला. फार खोल."

"मूर्ख माणूस," ती म्हणाली. "पोवळ्याच्या जागेचं गुपित फुटू नये म्हणून लोकांचं हसणं ऐकत बसला. मलासुद्धा सांगितलं नाही."

सुनावणीला बंदराचं सभागृह भरलं होतं. लमीनने नेहमीप्रमाणे फांदीची गोष्ट सुरू केली, आणि मागून खाला उठली. फांदी कापली आहे, वय नव्वदीच्या वर आहे आणि ती त्या कपारीतली नव्हतीच, असं तिने साहेबाला सांगितलं. मी अहवाल टेबलावर ठेवला, पण तो वाचायची कुणाला घाई नव्हती.

लमीन ओरडला, "मेलेल्या नवऱ्याला भर सभेत खोटारडा म्हणतेस?"

"म्हणते. पाणबुड्या होता तो. आता तू सांग लमीन, तू कधी कुणाला खरी जागा सांगितलीस?" मग ती बाकांकडे वळली. "कुणी सांगितलीय? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. मागे कुणीतरी फिस्कन हसलं आणि मग सगळी सभाच हसली.

"सख्ख्या भावालासुद्धा तुम्ही जागा सांगत नाही," खाला म्हणाली, "आणि माझ्या नवऱ्याचं तेवढं खरं मानलंत, कारण ते तुमच्या सोयीचं होतं. तो उथळात लुळा पडला नाही. तुमच्यातला एकही जण उतरणार नाही तिथे तो उतरला होता. हसायचं तर आता हसा."

हसू थांबलं. एका म्हाताऱ्या पाणबुड्याने डोक्यावरची लाल टोपी काढून मांडीवर ठेवली.

कपार बंदच राहिली. लमीनने दुसऱ्याच दिवशी खालाचं काम काढून घेतलं आणि बाकी कारखान्यांनाही सांगून ठेवलं. खाला आता डोंगरातल्या झुडपांच्या मुळांपासून तंबाखूचे पाइप करणाऱ्याकडे झिलई करते. मजुरी निम्मी. भर दुपारी, सगळे बोटवाले बाहेर बसलेले असताना, ती मुद्दाम कॉफीच्या दुकानावरून जाते, आणि कुणी तोंड फिरवलं तर त्याला नावाने हाक मारून सलाम करते.

वजदीने तिच्याशी अबोला धरला आहे. सार्डिन मासळीच्या बोटीवर जाळी ओढतो, आणि आईने सगळं बुडवलं असं मित्रांना सांगतो. मी एकदा तिच्याकडे कुसकुस खायला बसले असताना तो आला, ताट घेतलं, भिंतीकडे तोंड करून जेवला आणि गेला.

मला वाईट वाटलेलं तिला दिसलं असावं.

"धरू दे अबोला," ती हरिसाच्या तिखट चटणीची वाटी माझ्याकडे ढकलत म्हणाली. "चालत आला, चालत गेला. बघितलंस ना?"