माझ्या तोंडचं औषध

चुडाव्याच्या स्टेशनवर मी गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर पन्नाशीची एक बाई मोबाइलपुढं बोलत होती. हातातल्या डहाळ्यावर ती हरभऱ्याची अळी कशी ओळखायची ते दाखवत होती. तिचे व्हिडिओ गावोगाव बघतात, असं तिच्यासोबतच्या माणसानं मला सांगितलं. तो फवारणीच्या औषधांच्या कंपनीचा होता. मोबाइलही त्यानंच दिलेला.

त्यानं तिच्या हातात एक बाटली ठेवली. "आता म्हणा मावशी, मी हेच फवारते."

"मी हे कधी फवारलंच न्हाई."

"कोण विचारायलंय? नसंल म्हणायचं, तर मोबाइल परत द्या."

आता ती म्हणेल, असं मला वाटलं. पण तिनं बांगडीतली सेफ्टी पिन काढली, मोबाइलमधलं आपलं सिम सोडवलं आणि पदराच्या गाठीत बांधलं. मोबाइल बाटलीसकट त्याला दिला. तो तणतणत निघून गेला.

"आता कसं करणार?" मी विचारलं.

"सुनेचा जुना फोन हाय. त्यातल्या व्हिडिओत लय अंधुक दिसतंय," ती म्हणाली. "पन मीच दिसंन."