विल्माबाईंच्या परसातले खळगे

लॉन्झो टिब्सचं सगळं आयुष्य माती दाबण्यात गेलं. उत्तर टेक्ससमधल्या त्याच्या गावाभोवती एके काळी नुसती कपाशी होती. आता तिथं घरं झाली, पण जमीन तीच, काळी आणि चिकट. पावसात फुगायची, उन्हाळ्यात मूठ जाईल एवढी फाटायची. परसात साचलेलं पाणी आठ-आठ दिवस हलायचं नाही. अशा परसांवरच लॉन्झोचं पोट चालायचं. वरची माती खरवडायची, कापड अंथरायचं, भोकांचा पाइप पुरून वर खडी टाकायची, ती यंत्रानं ठोकून ताटासारखी सपाट करायची आणि त्यावर प्लॅस्टिकची हिरवळ पसरायची. "मी घातलेल्या हिरवळीवर गोटी ठेवा, जागची हलणार नाही," असं तो म्हणायचा. ते खरंही होतं.

विल्मा हाव्रानेक या म्हाताऱ्या चेक विधवाबाईंच्या परसात त्यानं वसंतात काम केलं. पुढच्याच वादळी पावसात सगळं पाणी घटकाभरात पाइपातून ओढ्याला गेलं. बाई खूश झाल्या. जर्दाळूचा मुरंबा भरलेले गोड पाव घेऊन स्वतः त्याच्या दारात आल्या.

ऑगस्टात त्यांचा फोन आला. "लॉन्झो, माझ्या हिरवळीवर कुणी झोपून उठलंय का रे?"

तो गेला. हिरवळीत उथळ खळगे पडले होते. एकाशेजारी एक चार, माणूसभर लांबीचे. आणि कुंपणाकडे एक आखूड.

"काळी माती आहे, मिस विल्मा. सासूसारखी. कधी फुगेल, कधी बसेल, भरवसा नाही," तो हसत म्हणाला. त्यानं हिरवळ उचलली, खडी भरली, यंत्र फिरवून पुन्हा सपाट केली.

पानगळीच्या पावसानंतर खळगे परत आले. त्याच जागी, तेवढेच. या वेळी त्यानं दुप्पट खडी घातली आणि दुप्पट ठोकली. विनोद मात्र केला नाही.

मग जानेवारीत एकदा भल्या सकाळी बाईंचा फोन. "ये. आत्ताच ये, ऊन यायच्या आत."

दंव गोठून अख्खी हिरवळ पांढरी झाली होती. फक्त पाच तुकडे हिरवेगार होते. चार लांब, एक आखूड.

"जमिनीत ऊब असेल," लॉन्झो म्हणाला.

"कसली?"

त्यानं एक तुकडा कापून खडी बाजूला केली. खाली एकसंध काळी माती लागायला हवी होती. पण काळीत पिवळट चुनखडी कालवलेली निघाली. ती चुनखडी खूप खोल असते. कुणीतरी खणून पुन्हा बुजवल्याशिवाय वर येत नाही. मग फावडं खट्‌कन वाजलं. पांढऱ्या बशीचा अर्धा तुकडा. त्याला लागून एक शिंपला.

समुद्र तिथून दिवसभराच्या वाटेवर. लॉन्झोनं फावडं हळूच खाली ठेवलं. त्याच्या आईच्या थडग्यावरही, काळ्या लोकांच्या जुन्या रीतीप्रमाणे, तिची जेवायची बशी आणि शिंपले ठेवले होते.

"काय आहे रे?" पायरीवरून बाईंनी विचारलं.

"माणसं आहेत, मिस विल्मा. आमची."

बाई पायरी उतरून जवळ आल्या. "माझे सासरे तर म्हणायचे, आम्ही जमीन घेतली तेव्हा इथं नुसती कपाशी होती."

"कपाशी होती म्हणजे ती वेचणारी माणसंही असतील ना."

"पोरांचा झोका इथंच होता रे," त्या पुटपुटल्या.

लॉन्झोच्या मनातून यंत्र जाईना. त्याचा थरथरता पत्रा तो तीनदा त्यांच्या छातीवरून फिरवून आला होता.

सरकारी माणसं आली, खळग्यांभोवती छोटी निशाणं रोवून गेली. जुनी थडगी आहेत म्हणाली; नावं कुणाची कुठंच नव्हती. बाईंनी तेवढ्या भागातली हिरवळ काढायला लावली.

लॉन्झोला लहानाचं मोठं केलेली टुली आत्या त्याच्याकडेच राहायची. नव्वदी उलटलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला ने तिथं."

"तुला दिसणार काय, आत्या?"

"तुला दिसत होतं, तर तू काय दिवे लावलेस? ठोकत बसलास!"

रविवारी चर्चमधून तो तिला थेट तिथंच घेऊन आला. पायरीपाशी तिनं बूट-मोजे काढले आणि त्याचा कोपर धरून उघड्या मातीत उतरली. एकाही खळग्याला पाय न लावता ती मधल्या वाटेनं गेली. पायांना चढउतार कळत असेल, असं लॉन्झोला वाटलं.

परतताना ते शाबूत राहिलेल्या हिरवळीवरून निघाले. इथं खळगा नव्हता. दंवात हा भाग सगळा पांढराच होता. मध्यावर आत्या थबकली. त्याचा कोपर खेचून ती बाजूला वळली आणि मोठा वळसा घालून चालू लागली.

"आत्या, इथं काही नाही. सपाट आहे अगदी."

"हळू बोल," ती म्हणाली.

तिनं टाळलेल्या जागेवर विल्माबाईंच्या कॉफी प्यायच्या दोन खुर्च्या होत्या. पायरीवरून बाई सगळं बघत होत्या. त्या खाली आल्या आणि एक खुर्ची उचलली. दुसरी लॉन्झोनं उचलली. अंधार पडायच्या आत त्यानं उरलेली सगळी हिरवळ कापून गुंडाळली. खाली खणून बघायला मात्र कुणीच सांगितलं नाही.

त्या परसात आता पुन्हा पाणी साचतं. बाई तक्रार करत नाहीत.

लॉन्झोनं धंदा सोडला नाही. पण नवं काम घेण्याआधी तो आत्याला बरोबर न्यायचा आणि तिला परसात अनवाणी फिरवायचा. त्या घरच्या लोकांना वाटायचं, म्हातारीला हवा खायला आणलं असेल. दोन ठिकाणी ती वळसा घालून चालली, ती कामं त्यानं घेतली नाहीत. कारण विचारलं तर म्हणायचा, "ही माती माझ्यानं बसायची नाही."