एकाच ताटातली नाचणी

महाडच्या आमच्या शाळेत पोरं माझ्या पाठीमागे मला 'नाचणीबाई' म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. मधल्या सुट्टीत मी वर्गात डोकावले की पाकिटातला खाऊ भराभर दप्तरात जातो. पालकसभेत मी नाचणीवर बोलायला उभी राहिले की मागच्या रांगेतले बाप हळूच घड्याळ बघतात. अशा या नाचणीबाईची घरात मात्र डाळ शिजत नव्हती, कारण घरात सासूबाई होत्या.

सासूबाई वर डोंगरातल्या कुडपण गावच्या. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे महाडला आल्या. मागच्या वर्षी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागली आणि जखम काही केल्या भरेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर निघाली. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "आजी, पांढरा भात कमी करा, नाचणी खा. नाहीतर अंगठा गमवाल." माझंच भाषण डॉक्टरांच्या तोंडून ऐकून मला, खोटं कशाला बोलू, जरा आनंदच झाला. येताना मी रिक्षा थांबवून नाचणीचं पीठ घेतलं.

सासूबाईंनी पिशवीकडे बघितलं. "कोणासाठी गो?"

तिथून आमची लढाई जुंपली. मी भाकरी वाढली, त्यांनी ती ताटाच्या कडेला सरकवून भात मागून घेतला. मी चपातीच्या कणकेत गुपचूप मूठभर नाचणी मिसळली, तर चपाती खिडकीशी धरून म्हणाल्या, "ही काय उन्हात बसली व्हती?" ताक घालून आंबील केली, ती कढीपत्त्याच्या कुंडीत गेली. कढीपत्ता असा तरारला की शेजारणी मागायला यायला लागल्या. शेवटी दुकानातून नाचणीची बिस्किटं आणली. ती मात्र त्यांनी चहात बुडवून आवडीने खाल्ली. पाकीट उलटून वाचलं तर आत मैदा आणि साखरच जास्त. उरलेली बिस्किटं मी चडफडत स्वतःच संपवली.

जखम होती तशीच होती. पट्टी बदलताना डॉक्टर सासूबाईंना सोडून माझ्याकडेच रोखून बघायचे. मला आता मनापासून भीती वाटायला लागली होती, आणि भीती वाटली की माझा तोल जातो.

एका शनिवारी नवरा एमआयडीसीतली पहिली पाळी संपवून आला आणि आम्ही तिघं उशिरा जेवायला बसलो. सासूबाईंनी भाकरी कडेला सरकवली आणि मी भडकले. "आई, उद्या अंगठा कापावा लागला तर? कुडपणला जन्मभर नाचणीच खाल्लीत ना? मग आताच काय झालं?"

"म्हणूनच नको," त्या म्हणाल्या. आवाज जराही चढला नाही. "भात पावन्यांना नि बाप्यांना. आमाला चुलीमागं भाकर. नवरी म्हणून आले त्या दिवशी तेवढा भात वाढला, दुसऱ्या दिवसापासून भाकर. आता लेकाच्या घरात पण मला एकटीलाच भाकर? तुमच्या ताटांत बग काय हाय."

मी बघितलं. माझ्या ताटात भात, त्यावर आमटी. नवऱ्याच्या ताटात तर भाताचा डोंगर, आणि तोंडातला घास गिळावा की नाही या विचारात तो बसलेला. सगळ्या महाडला नाचणी खा म्हणून सांगणारी मी घरात भाकरी थापत होते ती फक्त त्यांच्यासाठी. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी भात लावलाच नाही. तिन्ही ताटांत नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. नवऱ्याने भाताची चौकशी करायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं. सासूबाईंनी आधी आमची ताटं निरखली. मग लंगडत ओट्याशी गेल्या आणि कुकरचं झाकण काढून आत बघितलं. कुकर रिकामा होता. तेव्हा कुठे त्या येऊन बसल्या आणि त्यांनी तुकडा मोडला.

"कडक हाय," त्या म्हणाल्या. "तुज्या शाळंतली पोरं पळतात ती उगाच नाय."

पण भाकरी संपवली. त्यानंतर रोजच संपवू लागल्या, रोज नवी खोड काढून.

पुढे जखम हळूहळू भरली. गोळ्यांमुळे की भाकरीमुळे, यावर डॉक्टरांचं आणि माझं अजून एकमत नाही. पट्टी सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या घाईत पीठ मळत होते, तर सासूबाईंनी परात स्वतःकडे ओढली. "सर गो." त्यांनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, ती टम्म फुगली. मी त्यांचं ताट पुढे केलं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि भाकरी माझ्या ताटात घातली.

"पयली तू खा," त्या म्हणाल्या. "मला कधी कोणी पयली वाढली नाय."