झोपता येणारी गाडी

आमच्या मारेगावात नवी गाडी घेणाऱ्याकडे पेढे नंतर मागतात, गाडी आधी मागतात. दारात चारचाकी उभी राहिली की ती गल्लीची होते. नवरदेव त्यात बसतो, बाळंतीण त्यात येते, कुणाची बदली झाली तर त्याचं सामान त्यातून जातं, आणि नाही म्हणणारा माणूस पुढच्या तेरवीला पंगतीत एकटा बसतो. समोरच्या कंत्राटदारांनी हौसेने पांढरी कार घेतली होती. सीटवरचं प्लास्टिक निघायच्या आत तिच्यात सगळ्या गल्लीच्या वराती बसून झाल्या. वर्ष भरायच्या आत त्यांनी ती विकून टाकली आणि परत मोटरसायकलवर आले. म्हणाले, "आता कसं मोकळं वाटते."

हे सगळं डोळ्यांदेखत घडलेलं असूनही मला गाडी हवी होती. आणि तीही कुठे जायला-यायला नाही, तर राहायला.

हे खूळ डोक्यात शिरलं ते एका परदेशी जोडप्यामुळे. कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव नव्हता, बोंडात अळी होती, दर आठवड्याला कुठल्या तरी गावातून नको ती बातमी यायची, आणि हे सगळं पाहायला बाहेरची माणसं गाड्या भरभरून येत होती. अंगणात बसायची, चहा घ्यायची, फोटो काढायची, निघून जायची. मला त्यांचा मनापासून राग यायचा. प्रश्नांचा नव्हे, निघून जाण्याचा. हे जोडपं मात्र आमच्या शाळेच्या मैदानावर मुक्कामाला राहिलं. त्यांच्या गाडीच्या टपावर तंबू होता. मागचं दार उघडलं की आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, सगळा संसार. पोरं दिवसभर त्या गाडीभोवती मुंगळ्यांसारखी चिकटली होती. त्या बाईने मला आत बसवलं आणि विचारलं, सुट्टीत तुम्ही कुठे जाता? मी म्हटलं, दारव्ह्याला, माहेरी. ती म्हणाली, आणि दुसरीकडे?

आमच्याकडे दुसरीकडे असं काही नसतंच. जाणं म्हणजे कुणाच्या तरी घरी जाणं. लग्नाला, तेरवीला, बाळंतिणीला बघायला. पोहोचलं की पदर खोचायचा आणि त्यांच्या चुलीशी बसायचं. मी शाळेत भूगोल शिकवायचे. आमच्या नाल्याचं पाणी निर्गुडेत जातं, निर्गुडेचं वर्धेत, वर्धेचं प्राणहितेत, प्राणहितेचं गोदावरीत आणि गोदावरीचं थेट बंगालच्या उपसागरात, हे मी दरवर्षी फळ्यावर काढायचे. पाणी जायचं, आम्ही राहायचो. मला एकदा त्या पाण्याच्या मागे मागे जायचं होतं. काठाकाठाने, मुक्काम करत, कुणाच्याही घरी न उतरता, समुद्र येईपर्यंत.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घर सोडून वावरात झोपाचं तं मंग घर कायले बांधलं वं?" पण आमचे हे हसले नाहीत. हे तेव्हा जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायच्या कामावर होते. दिवसभर बैलगाडीवाल्यांना 'हा माल ओला आहे, नाही चालत' असं सांगायचं, शिव्या खायच्या, आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचं. समुद्राचं नाव काढल्यावर कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. म्हणाले, "जाऊ ना. दिवाईच्या सुट्टीत जाऊ."

आता गाडी कोणती घ्यायची? इथे मला यांचाही विचार करावा लागला. दिवसभर इतक्यांदा नाही म्हणावं लागायचं की संध्याकाळी त्यांच्या तोंडातून तो शब्दच निघायचा नाही. कुणीही यावं आणि त्यांच्या अंगावरचा सदरा मागून न्यावा. म्हणजे जी गाडी घ्यायची ती अशी हवी की कुणाला मागावीशीच वाटणार नाही.

यवतमाळला जाऊन आम्ही गाड्या पाहिल्या. पहिली होती काळीपिवळी जीप, वडाप करून करून दमलेली, मागे समोरासमोर बाकडी. विकणारा अभिमानाने म्हणाला, "याच्यात कितीबी मानसं बसवा, हू का चू करत नाही." तिथेच ती बाद झाली. मग एक व्हॅन पाहिली. आत ऐसपैस, बिछाना घालायला छान, पण पोट जमिनीला टेकलेलं. आमची काळी माती तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती चाकाला अशी धरते की चाक फिरायचं थांबतं. ही व्हॅन डांबर सुटल्याबरोबर बसली असती. आणि मला तर डांबर सोडायचंच होतं.

तिसरी होती लष्कराच्या लिलावातली जुनी जीप. लांब पाठीची, उंच, चारही चाकांना जोर देणारी. खालचा दांडा ओढला की पुढची चाकंही ओढायला लागायची. मालकाने ती आमच्या समोर नाल्यात उतरवली आणि पलीकडच्या दरडीवरून वर काढून दाखवली. मी तिच्या प्रेमात पडले. आवाज थ्रेशरसारखा, स्टेअरिंग फिरवायला दोन्ही खांदे लावावे लागायचे, काचा नीट बंद व्हायच्या नाहीत. पण पुढे दोनच सीट होत्या आणि मागे नुसता हौदा. हौद्यात बाकडी होती, ती मी काढायला लावली. माझं अगदी ठरलं होतं. बसायला जागाच नसेल तर मागणार काय, कपाळ?

सुताराने हौद्यात सागाची फळी बसवली, माणूस पाय पसरून झोपेल एवढी. खाली पाण्याच्या कॅन, स्टोव्ह आणि फावडं ठेवायला खण. घरचा कापूस कोपऱ्यात तसाच पडून होता. सासूबाई म्हणाल्या, "इकाले नेला तं भाव नाही, निदान अंगाखाली तं घाला." पिंजाऱ्याकडून फळीच्या मापाची जाड गादी करून घेतली. पहिल्या दिवशी दारात उभ्या गाडीत मी दुपारभर नुसती पडून राहिले. गल्लीतल्या बाया येऊन आत डोकावल्या, हात लावून गादी दाबून पाहिली आणि बसायची सोय नाही म्हणून हळहळत गेल्या. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

श्रावणात, भर झडीत, कोलामांच्या पोडावरून, त्यांच्या रानातल्या वस्तीवरून, एक माणूस आला. गुडघ्यापर्यंत चिखल. पांदणीत, वावरांमधल्या गाडीवाटेत, बैलगाडी रुतली होती आणि आत त्याची सून अडली होती. तो दाराबाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या गाडीत म्हने झोपता येते."

अख्ख्या तालुक्यात बसायच्या गाड्या पुष्कळ होत्या. चिखलातून जाणारी आणि माणूस आडवा नेता येईल अशी गाडी एकच होती, आणि ती मी स्वतः जातीने लक्ष घालून बनवून घेतली होती. हे तोवर चावी घेऊन खाली उतरलेही होते. पोरगी सुखरूप बाळंत झाली. मुलगा झाला आणि बातमी पाण्यात तेल पसरावं तशी पसरली.

त्यानंतर आमचं दार कधी शांत राहिलं नाही. साप चावलेला, झाडावरून पडलेला, तापाने फणफणलेला. आणि त्या वर्षांत जे घराघरात होत होतं, तेही. बाप एकीकडे, भाऊ दुसरीकडे धरून आणायचे आणि तोंडाला फवारणीच्या औषधाचा वास असायचा. हे जिनिंगला असले की गाडी मीच काढायचे. चालवायला शिकले होते समुद्रासाठी. वर्गात गोदावरी अर्धी काढून झालेली असायची आणि खिडकीशी कुणीतरी येऊन उभं राहायचं. मुख्याध्यापक सुट्टी देत, वर कौतुक करत. मला कौतुक नको होतं. मला चीड यायची. गादीची खोळ धुऊन वाळत घालताना यायची, आणलेल्या माणसाची यायची, जो वाचला नाही त्याचीही यायची. हे बोलून दाखवलं तर लोक कानांवर हात ठेवतील, म्हणून कुणाजवळ बोलले नाही. फक्त यांना एकदा म्हटलं, "बाकडी परत लावा. वराती परवडल्या." हे म्हणाले, "आता लावली तं लोक काय म्हनतीन?"

दिवाळी आली. लक्ष्मीपूजन झालं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही कुणाला न सांगता सकाळीच निघालो. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. वणी मागे पडली, ओळखीचे चेहरे संपले, आणि दुपारी वर्धेच्या काठाशी एका पडीत वावरात आम्ही गाडी लावली. समोर पूल, पुलापलीकडे दुसरा जिल्हा. हे स्टोव्ह पेटवत होते आणि चक्क गुणगुणत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांना गाता येतं हे मला माहीत नव्हतं. मी मागचा फाळका पाडून पाय लोंबकळत बसले होते. इथे मला कुणीही मॅडम म्हणत नव्हतं.

तेवढ्यात कपाशीतून हाका आल्या. दोन माणसं एका तरुण बाईला हातांची झोळी करून आणत होती. फवारणीला पाणी वाहून देता देता ती भोवळ येऊन पडली होती. औषधाची बाधा झाली होती, अंग घामाने निथळत होतं. त्यांनी गाडी पाहिली, फळी पाहिली, गादी पाहिली. काही विचारलंच नाही. मी पाय वर घेतले आणि त्यांनी तिला माझ्या शेजारी निजवलं.

वणीत डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावली आणि ताबडतोब यवतमाळला हलवा म्हणाले. अॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. मग काय, गाडी होतीच. हे चालवत होते, तिला आणणाऱ्या दोघांतला एक, तिचा नवरा, पुढे बसला, मी मागे सलाईनची बाटली धरून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिला बोलतं ठेवा, झोपू देऊ नका. मारेगाव आलं. आमची गल्ली, आमचं दार बाजूने गेलं. मला हुंदका आला आणि मी तो दाबला नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"काहून रडता, बाई?"

"आम्ही फिरायला निघालो होतो."

"कुठी?"

"समुद्रावर."

"कोनाच्या घरी?"

"कोणाच्याच नाही."

तिचे डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मी तिचा गाल थोपटला, तशी म्हणाली, "कोनाच्याच घरी नाही? मंग मलेबी तिकडंच न्या. दवाखान्यात नोका नेऊ. तिथून घरीच वापस जा लागते."

तिला जागं ठेवायचं होतं. मी म्हटलं, बरं, तिकडेच जाऊ. आणि सांगत सुटले. आत्ता आपण वर्धेचा पूल ओलांडला. आता जंगल लागलं, बांबू बघ किती उंच. ही प्राणहिता, पात्र पाहिलंस का? इथे आपण भात टाकू, वाळूत झोपू. बाहेर करंजी गेली, आत मी तिला सिरोंचा दाखवत होते, जिथे प्राणहिता गोदावरीला मिळते. जोडमोह्याच्या घाटात गाडी धापा टाकत होती आणि मी गोदावरीत नावा सोडल्या होत्या. जे मी कधी पाहिलं नव्हतं ते मला इतकं स्पष्ट दिसत होतं. ती मध्येच विचारायची, तिथं बाया काय घालतात, तिथं सैपाक कोण करते. मी म्हटलं, आज ज्याला भूक लागेल तो करेल. ती हसली. दिवेलागणीला गाडी हळू झाली आणि तिने डोळे मिटूनच विचारलं, "आलो का?"

"आलो," मी म्हटलं.

तिने डोळे उघडले. वर ट्यूबलाइट, समोर दवाखान्याची पायरी, स्ट्रेचर ओढत येणारी माणसं. तिने माझं मनगट धरलं, नखं रुतेपर्यंत. "खोटं बोलल्या तुम्ही," ती म्हणाली. "नेतो म्हने. खोटं बोलल्या मले." तिला उचललं तरी ती हात सोडेना. तिच्या नवऱ्याने एकेक बोट सोडवलं.

ती वाचली. डॉक्टरांनी थोड्या वेळाने बाहेर येऊन तसं सांगितलं. मला आत जाऊन तिला भेटायचा धीर झाला नाही. हे गाडीजवळ येऊन म्हणाले, "अवं, सुट्टी बाकी हाये. सकाई इथूनच निघू, मांग पाहाचंच नाही." मी डोळे पुसले. मला खरंच वाटलं, हो, निघू.

तेवढ्यात एक म्हातारा हात जोडत आला. गाडी ओळखून आला असावा. "जयभीम, मॅडम. मारेगावच्याच ना तुम्ही? आमचा पेशंट आज सुटला. पाय प्लास्टरमधी हाये, झोपूनच न्या लागते." हे माझ्याकडे पाहायला लागले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, उत्तर देण्याआधी. मी नाही म्हणायला तोंड उघडलं. तोवर त्यांच्या माणसांनी फाळका पाडून पोराला गादीवर ठेवलंही होतं, आणि कुणीतरी माझीच उशी नीट करून त्याच्या डोक्याखाली देत होतं.