टाकीची बाहेरची भिंत

बाबूजींनी स्वतः बनवलेलं छोटं विमान. दोन बारीक तारांना बांधलेलं. मधोमध उभं राहून तारांच्या टोकाची मूठ धरायची, की ते आपल्याभोवती गोल उडतं. बाबूजींना आताशा चक्कर येते, म्हणून मूठ माझ्या हाती अन् विमान सोडून द्यायचं काम त्यांच्याकडे. पण इंधनाची टाकी अर्धी झाली की इंजिन किंचाळायचं, मग गप्प. विमान धप्पकन धानाच्या बांधीत! धुऱ्यावर, शेताच्या कडेला, उभे असलेले लोक हसायचे अन् माझं डोकं तापायचं.

एक दिवस बाबूजी म्हणाले, "आता एकदा पडलं का माळ्यावर टाकून देतो. बस झाली थट्टा." त्यांचा तो हरलेला आवाज मला सोसवला नाही.

मी टाकी खोलली. आतली पितळी नळी तळाला टेकवलेली, धानाच्या फवारणी पंपात असते तशी. आम्ही शेतकरी माणसं. टाकी म्हटली की तळच! पण हा काय पाठीवरचा पंप आहे? विमान गोल फिरतं, इंधन बाहेरच्या भिंतीला जाऊन चिकटतं, अन् नळी तळाशी हवा ओढत बसते.

"बाबूजी, नळी बाहेरच्या भिंतीला लावू, मागच्या कोपऱ्यात."

"काऊन वं, मले शिकवून राहिली का? तळ कधी बाजूले असते का?"

मी अर्धी बादली पाणी घेतलं, बादली सरळ धरली अन् अंगणात गरगर फिरले. पाणी बाहेरच्या कडेला चढलं. ते पाहून बाबूजी सोल्डरिंगचं सामान काढून बसले.

धान कापलेल्या बांधीत आम्ही पुन्हा गेलो. गोरेगावच्या आठवडी बाजाराला निघालेल्यांनी मोटारसायकली थांबवल्या. अर्धी टाकी संपायची वेळ आली तशी मी कान टवकारले. पण इंजिनाचा सूर हलला नाही! टाकी पार कोरडी झाली तेव्हाच ते थांबलं, अन् मी विमान अलगद उतरवलं.

"जमलं बावा तुमचं!" धुऱ्यावरून कोणीतरी ओरडलं.

बाबूजींनी विमान उचललं, उलटं करून सगळ्यांना दाखवलं. टाकीतून थेंबही पडला नाही.

"माहं कायचं? टाकी माह्या पोरीनं सुधरवली," ते म्हणाले, अन् विमान माझ्या हातात दिलं. "आता हे तुहं."

खोटं कायले बोलू, छाती अशी फुगली की तारा गुंडाळायच्याच विसरले.